कर्करोग आणि हाड जुळणे यांवरचं प्रयोगशाळेतलं संशोधन: कोकणातल्या विद्यार्थ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातले बीएस्सी-एमएस्सीचे विद्यार्थी, त्यांचे पालक आणि महाविद्यालयातले शिक्षक हे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात. काही उत्तरं लांब आहेत, कारण तिथेच मुलांचं वर्ष वाया जातं.

कर्करोग आणि मोडलेलं हाड हे दोन विषय एकाच प्रयोगशाळेत कसे?

हाड मोडलं की आधी रक्ताची गुठळी होते, मग सूज येते. त्यानंतर मोडलेल्या टोकांमध्ये मऊ कूर्चेचा जोड तयार होतो, त्याचं कडक हाड होतं आणि पुढे महिनोन्‌महिने त्या हाडाची डागडुजी चालू राहते. या सगळ्यासाठी शरीर पेशींना वाढायला सांगतं, नव्या रक्तवाहिन्या आणतं, जुनं हाड खाणाऱ्या ऑस्टिओक्लास्ट पेशी आणि नवं हाड रचणाऱ्या ऑस्टिओब्लास्ट पेशी कामाला लावतं. कर्करोगाची गाठही याच संदेशांवर जगते.

स्तनाचा, प्रोस्टेटचा आणि फुफ्फुसाचा कर्करोग हाडात पसरतो. इंग्लिश शल्यविशारद स्टीफन पॅजेट यांनी १८८९ मध्येच मांडलं होतं की बी कुठेही पडलं तरी ते योग्य जमिनीतच रुजतं. पुढच्या काळात या जमिनीचा हिशेब लागला. स्तनाच्या कर्करोगाच्या पेशी पीटीएचआरपी नावाचं प्रथिन सोडतात. त्यामुळे ऑस्टिओब्लास्ट पेशी रँक-लिगँड हे ऑस्टिओक्लास्टना जागं करणारं प्रथिन जास्त बनवतात आणि ऑस्टिओक्लास्ट हाड खाऊ लागतात. हाडात साठलेलं टीजीएफ-बीटा हे पेशींना संदेश देणारं प्रथिन त्यामुळे मोकळं होतं, आणि तेच गाठीला आणखी वाढवतं. हे चक्र तोडण्यासाठी रँक-लिगँडला अडवणारं डेनोसुमॅब हे औषध २०१० मध्ये अमेरिकेत मंजूर झालं.

उलट बाजूही पाहा. हाड तयार करवणारं बीएमपी हे प्रथिन अमेरिकन अस्थिशल्यविशारद मार्शल युरिस्ट यांच्या १९६५ च्या कामातून पुढे आलं. बीएमपी-२ असलेलं उत्पादन २००२ मध्ये मणक्याच्या शस्त्रक्रियेसाठी मंजूर झालं. पण जिथे गाठ आहे किंवा नुकतीच काढली आहे, तिथे ते वापरायचं नाही, अशी त्याची अट आहे. टेरिपॅराटाइड या हाड वाढवणाऱ्या औषधाने उंदरांत ऑस्टिओसार्कोमा (हाडाचाच कर्करोग) झाला, म्हणून त्यावर अनेक वर्षं कडक इशारा छापला जात होता. माणसांत तसं आढळलं नाही आणि २०२० मध्ये तो इशारा काढला गेला.

म्हणजे गुडघ्याजवळचा ऑस्टिओसार्कोमा काढलेल्या पंधरा-सोळा वर्षांच्या मुलाचं हाड भरून यायला हवं, पण भरून आणणाऱ्या औषधाने उरलीसुरली कर्कपेशी जागी होता कामा नये. हे दोन्ही प्रश्न ज्याला एकाच प्रयोगात विचारता येतात, त्याची या क्षेत्राला गरज आहे. फक्त पेशी मारणारा किंवा फक्त हाड वाढवणारा प्रयोग इथे अर्धाच ठरतो.

यासाठी डॉक्टरच व्हावं लागतं का? नीटमध्ये नंबर लागला नाही तर?

नाही. बारावीला विज्ञान शाखा, मग सूक्ष्मजीवशास्त्र, प्राणिशास्त्र, जैवतंत्रज्ञान, जीवरसायन किंवा रसायनशास्त्रात बीएस्सी, नंतर एमएस्सी आणि पीएचडी हा रूढ मार्ग आहे. बीफार्म आणि बायोमेडिकल इंजिनीअरिंगवालेही येतात. हाडाच्या कामात धातू, सिरॅमिक आणि पॉलिमर समजणाऱ्यांची चांगलीच गरज असते. दंतवैद्यकातले विद्यार्थीही इथे रमतात, कारण जबड्याचं हाड आणि तोंडाचा कर्करोग हे दोन्ही त्यांच्याच हाताखालून जातात. बारावीनंतर थेट संशोधनाच्या वाटेला लागायचं असेल तर आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थांची प्रवेश परीक्षा किंवा नेस्ट ही राष्ट्रीय परीक्षा द्यावी. नेस्टमधून मुंबई विद्यापीठाच्या आवारातल्या मूलभूत विज्ञान केंद्रातही प्रवेश मिळतो.

डीएमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका) केलेल्यांसाठी एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तंत्रज्ञ म्हणून तुमचा हात एमएस्सीच्या मुलापेक्षा जास्त तयार असतो. मात्र पीएचडीसाठी विज्ञान, औषधनिर्माण, अभियांत्रिकी किंवा वैद्यकातली पदवी आणि पुढची पात्रता लागते.

शिक्षण मराठी माध्यमातून झालं आहे. अडेल का?

पहिले सहा महिने अडतं, नंतर नाही. सीएसआयआर-नेटची प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते, शोधनिबंध इंग्रजीत. रोज एका शोधनिबंधाचा सारांश आणि एक आकृती वाचून ती मराठीत कुणाला तरी समजावून सांगा. समजावता आली नाही तर ती कळलेली नाही, असं धरून पुन्हा वाचा. बोलण्यातली इंग्रजी मागाहून येते. प्रयोगवही मात्र पहिल्या दिवसापासून इंग्रजीत लिहा, कारण ती पुढे तुमच्या मार्गदर्शकाला, परीक्षकाला आणि कदाचित पेटंट कार्यालयालाही वाचावी लागते.

कोकणात राहून सुरुवात होते का, की मुंबई-पुणे गाठावंच लागतं?

पदवीचा पाया इथेच पक्का होतो. रत्नागिरीचं गोगटे-जोगळेकर, चिपळूणचं डीबीजे, सावंतवाडीचं पंचम खेमराज यांसारखी महाविद्यालयं आहेत, मुंबई विद्यापीठाचं रत्नागिरी उपकेंद्र आहे. शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि दापोलीचं कृषी विद्यापीठ यांच्याकडे समुद्री कचऱ्यापासून जैवपदार्थ बनवण्याच्या कामासाठी लागणारा कच्चा माल आणि अनुभव असतो. डेरवणच्या वालावलकर रुग्णालयात कर्करोगाची तपासणी आणि उपचार होतात. अलिबाग, रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात आता शासकीय वैद्यकीय महाविद्यालयंही आहेत.

पेशींवरचं खरं काम करायला मात्र बाहेर पडावं लागतं. सगळ्यात जवळचं मोठं ठिकाण म्हणजे खारघरचं अॅक्ट्रेक, टाटा मेमोरियल सेंटरची संशोधन शाखा. ते रायगड जिल्ह्यातच आहे, हे अनेकांच्या ध्यानात येत नाही. या संस्थेचं मूळ १९५२ साली डॉ. वसंत रामजी खानोलकर यांनी परळमध्ये उभारलेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात आहे. तिथेच डॉ. कमल रणदिवे यांनी देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली. याशिवाय आयआयटी मुंबईचा जीवविज्ञान व जैवअभियांत्रिकी विभाग, माटुंग्याची रसायन तंत्रज्ञान संस्था आणि पुण्याचं राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र आहे. पेशींचं राष्ट्रीय भांडार पुण्याच्या केंद्रातच आहे.

उन्हाळी प्रोजेक्टसाठी कुणाला आणि कसं लिहायचं?

तिन्ही विज्ञान अकादम्यांची संयुक्त उन्हाळी शिष्यवृत्ती दोन महिन्यांची असते. तिचे अर्ज साधारण दिवाळीच्या आसपास भरले जातात, उन्हाळ्यात नव्हे. मार्चमध्ये जागे झालेल्यांचं ते वर्ष गेलं.

थेट मेल पाठवत असाल तर दहा-बारा ओळींत आटपा. विषयाच्या ओळीत तारखा लिहा: ‘मे-जून, आठ आठवडे, एमएस्सी भाग एक’. पहिल्या परिच्छेदात त्या प्रयोगशाळेच्या गेल्या दोन-तीन वर्षांतल्या एका शोधनिबंधातला एक नेमका प्रश्न लिहा. मग स्वतःच्या हाताने काय केलं आहे ते सांगा. पीसीआर (डीएनएच्या प्रती वाढवण्याची पद्धत) स्वतः केला असेल तर तसं, नुसता पाहिला असेल तर तसं. राहण्याची सोय तुम्ही करणार की संस्थेने करावी अशी अपेक्षा आहे, तेही लिहा. एकच मेल चाळीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. उत्तर आलं नाही तर दोन आठवड्यांनी एकदाच आठवण करा.

परीक्षा कोणत्या आणि पैसे किती मिळतात?

सीएसआयआर-यूजीसी नेट, डीबीटीची बीईटी, गेट, आणि अॅक्ट्रेकसारख्या संस्थांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा. एमएस्सी जैवतंत्रज्ञानासाठी गॅट-बी. जानेवारी २०२३ पासून जेआरएफला (कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती) महिन्याला ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर एसआरएफला (वरिष्ठ) ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडे भत्ता. पीएचडीनंतर रिसर्च असोसिएटचा दर ५८,००० पासून सुरू होतो. पीएचडीला पाच वर्षं लागतात असं धरून घरच्यांशी आधीच बोला. काही संस्थांत रक्कम दोन-तीन महिने उशिरा जमा होते, त्यामुळे खारघर किंवा पुण्यात खोली घेण्याआधी तीन महिन्यांचा खर्च हाताशी ठेवावा.

आमच्या महाविद्यालयात लॅमिनार (गाळलेल्या हवेचं कपाट) आहे. त्यात कर्करोगाच्या पेशी वाढवता येतील का?

आधी हवा कुठे जाते ते पाहा. केळीच्या रोपांच्या ऊतिसंवर्धनासाठी असतो तो आडव्या प्रवाहाचा लॅमिनार आतली हवा थेट तुमच्या तोंडावर सोडतो. नमुना स्वच्छ राहतो, माणूस नाही. मानवी पेशींसाठी दुसऱ्या श्रेणीचं बायोसेफ्टी कॅबिनेट लागतं. ते नमुना, काम करणारा आणि खोली या तिघांनाही जपतं. शिवाय ३७ अंश आणि ५ टक्के कार्बन डायऑक्साइड राखणारा इन्क्युबेटर, उलटा सूक्ष्मदर्शक आणि पेशी साठवायला द्रव नायट्रोजन हवा. यातलं एक जरी नसेल तर जिवाणू, वनस्पती अर्क किंवा सिरॅमिकवरचा प्रोजेक्ट घ्या आणि पेशींचा भाग दुसऱ्या संस्थेत करून घ्या.

हाड बनवणाऱ्या पेशींचा प्रयोग कसा असतो? नेमका कुठे फसतो?

सुरुवातीला बहुतेकांच्या हाती एमसी३टी३-ई१ ही उंदराची पूर्व-ऑस्टिओब्लास्ट पेशी येते. तिचा अनुभव असा.

पेशी वाढवताना अल्फा-एमईएम हे मीडियम (पेशींचं पोषक द्रावण), १० टक्के सीरम आणि अँटिबायोटिक. इथेच पहिली चूक होते: अल्फा-एमईएमच्या नेहमीच्या बाटलीत व्हिटॅमिन सी आधीच असतं. त्यात वाढवलेल्या पेशी फ्लास्कमध्येच हाडाकडे वळू लागतात आणि चार-पाच पॅसेजनंतर (पेशी नव्या फ्लास्कमध्ये हलवण्याच्या फेऱ्यांनंतर) त्यांचा जोर जातो. वाढवण्यासाठी व्हिटॅमिन सी नसलेली बाटली मागवा.

२४ वेलच्या (खळग्यांच्या) प्लेटमध्ये दर वेलला सुमारे २०,००० पेशी टाका. तळ भरला की हाडाचं मीडियम सुरू करा: अॅस्कॉर्बिक अॅसिड ५० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर आणि बीटा-ग्लिसरोफॉस्फेट १० मिलिमोलर. मानवी अस्थिमज्जेच्या पेशी असतील तर त्यात डेक्सामेथासोन १०० नॅनोमोलर घालतात. मीडियम दर दोन-तीन दिवसांनी बदला. अॅस्कॉर्बिक अॅसिड पाण्यात टिकत नाही, म्हणून महिनाभराचं मीडियम एकदम करून ठेवू नका. सातव्या ते चौदाव्या दिवशी अल्कलाइन फॉस्फटेज हे हाड बनू लागल्याची खूण असलेलं विकर मोजा आणि ते प्रथिनाच्या किंवा डीएनएच्या प्रमाणात मांडा. एकविसाव्या ते अठ्ठाविसाव्या दिवशी खनिज पाहण्यासाठी अलिझरिन रेड हा कॅल्शियमला लाल करणारा रंग द्या.

अलिझरिन ४० मिलिमोलर, पीएच ४.१ ते ४.३. पीएच रंग देण्याच्या दिवशीच मोजा. मागच्या महिन्यात विरघळवलेल्या बाटलीवर विसंबू नका. पेशी स्थिर केल्यावर शेवटची धुलाई डिस्टिल्ड पाण्याने करा, पीबीएसने (फॉस्फेटच्या खारट द्रावणाने) नको. रंग दिल्यावर पाणी निवळ येईपर्यंत चार-पाच वेळा धुवा. पिपेट वेलच्या भिंतीला टेकवा, कारण तीन आठवड्यांचा थर एका जोरदार फवाऱ्याने कागदासारखा गुंडाळला जातो आणि सिंकमध्ये जातो. मोजायचं असेल तर १० टक्के सेटिलपायरिडिनियम क्लोराइडमध्ये रंग सोडवून ५६२ नॅनोमीटरला वाचन घ्या.

आता लाल दिसणाऱ्या प्लेटवर विश्वास कधी ठेवू नये ते. बीटा-ग्लिसरोफॉस्फेट जास्त झालं की पेशींनी हाड न रचताही फॉस्फेट सुटून खनिज साचतं. मेलेल्या पेशींवरही कॅल्शियम बसतं. आणि स्कॅफोल्ड (पेशींना आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) हायड्रॉक्सीअॅपेटाइट या हाडातल्याच खनिजाचा असेल तर तो स्वतःच कॅल्शियम आहे, पेशी नसतानाही तो लालभडक होणारच. म्हणून तीन तुलना कायम हव्यात: हाडाचं मीडियम न दिलेल्या पेशी, पेशी नसलेला स्कॅफोल्ड, आणि पेशी नसलेलं मीडियम तितकेच दिवस ठेवलेलं वेल.

एक कोकणातली सूचना. हा प्रयोग तीन ते चार आठवड्यांचा आहे. पेशी पेरण्याआधी कॅलेंडर उलटं मोजा. अकरावा-बारावा दिवस गणपतीत येत असेल आणि संस्थेतले सगळेच गावी जाणार असतील तर मीडियम कोण बदलणार हे आधी ठरवा, नाहीतर प्रयोग दहा दिवस पुढे ढकला. पाच दिवस न बदललेल्या मीडियमच्या पेशी दिसायला ठीक दिसतात, पण आकडे पुढच्या वेळी जुळत नाहीत.

कर्कपेशींचं मीडियम हाडाच्या पेशींवर टाकलं आणि हाड बनणं थांबलं. निष्कर्ष काढू का?

थोडं थांबा. कर्कपेशींनी ४८ तासांत ग्लुकोज संपवलेलं असतं आणि मीडियम आम्ल झालेलं असतं. उपाशी पेशी हाड रचत नाहीतच. असं मीडियम सेंट्रिफ्यूज करून, ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून गाळून, ताज्या मीडियममध्ये २० ते ५० टक्केच मिसळा. तुलनेसाठी साध्या पेशींचं मीडियम आणि पेशींविना तितकाच वेळ इन्क्युबेटरमध्ये ठेवलेलं मीडियम, दोन्ही घ्या. मग टीजीएफ-बीटा किंवा डीकेके-१ (हाड बनणं रोखणारं प्रथिन) अडवणारी अँटिबॉडी घालून परिणाम उलटतो का ते पाहा. तो उलटला तरच त्या प्रथिनाचं नाव घ्या.

रातांब्याचा अर्क कर्कपेशी मारतो असं आमच्या प्रोजेक्टमध्ये दिसलं. पेपर होईल?

हा प्रश्न दर वर्षी येतो, कधी आमसूल तर कधी आगळ घेऊन. कोकमात गार्सिनॉल आहे आणि ते हिस्टोन अॅसिटिलट्रान्सफरेज या विकरांना अडवतं, हे बंगळुरूच्या प्रयोगशाळेतून २००४ मध्ये प्रसिद्ध झालं आहे. त्यामुळे विषय पोकळ नाही. फसतो तो मोजणीचा मार्ग.

बहुतेक महाविद्यालयीन प्रोजेक्ट एमटीटी या रंगचाचणीवर चालतात. ९६ वेलची प्लेट, दर वेलला पाच ते दहा हजार पेशी, एमटीटी ०.५ मिलिग्रॅम प्रति मिलिलिटर, तीन-चार तास, मग रंग विरघळवायला डीएमएसओ आणि ५७० नॅनोमीटरला वाचन. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचा जांभळा रंग करतात, एवढंच हे गणित आहे. पण कोकमातली पॉलिफेनॉल पेशी नसतानाही एमटीटी जांभळा करतात. मग मेलेल्या पेशी जिवंत मोजल्या जातात. वर अर्काचा स्वतःचा लाल रंग असतोच. दुसऱ्या बाजूने, हायड्रॉक्सीसिट्रिक अॅसिडमुळे मीडियम आम्ल होऊन त्यातला फिनॉल रेड हा दर्शक पिवळा पडतो आणि पेशी निव्वळ आंबटपणाने मरतात. आगळ वापरली असेल तर त्यातलं मीठच पुरेसं आहे.

करायचं ते असं. अर्काचा पीएच ७.४ ला आणा. पेशी नसलेल्या वेलमध्ये अर्क आणि एमटीटी घालून वाचन घ्या. एमटीटी घालण्याआधी अर्क काढून पेशी पीबीएसने हलकेच धुवा. डीएमएसओ अंतिम प्रमाणात ०.१ ते ०.५ टक्क्यांच्या वर जाऊ देऊ नका आणि तेवढाच डीएमएसओ तुलनेच्या वेलमध्येही घाला. प्लेटच्या कडेच्या वेलमधलं पाणी उडतं, म्हणून त्यांत फक्त पीबीएस भरा. साध्या, कर्करोग नसलेल्या पेशींवर तोच अर्क द्या. दोन्ही सारख्याच मरत असतील तर ते औषध नाही. आणि दुसऱ्या एका पद्धतीने खात्री करा: प्रत्यक्ष पेशी मोजणं किंवा एसआरबी (पेशींतल्या प्रथिनाला रंगवणारी चाचणी). अॅक्ट्रेकमध्ये एसआरबीवर आधारलेली औषध चाळणीची सुविधा आहे, ती शुल्क भरून मिळते.

५०० मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर कच्चा अर्क दिला तर जवळजवळ कुठलीही वनस्पती पेशी मारते. गावात ‘आमच्या पोरांनी कॅन्सरवर औषध शोधलं’ असं पसरायला एक बातमी पुरते, आणि ती वाचून केमो सोडणारा रुग्ण खरा असतो. अशा आकड्यावर बातमी देऊ नका.

पेशी नीट दिसतात, मग मायकोप्लाझ्माची चाचणी दर महिन्याला कशाला?

कारण मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचा संसर्ग झाला तरी मीडियम गढूळ होत नाही. त्याला पेशीभित्तिका नसते, म्हणून पेनिसिलिनचा उपयोग नाही. आकार इतका लहान की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटतो. पेशी मात्र हळू वाढतात आणि जनुकांच्या कामाचे आकडे बदलतात. पीसीआर किंवा डीएनए रंगाने तपासा. अँटिबायोटिकशिवाय आठवडाभर वाढवलेल्या पेशींचं मीडियम चाचणीला द्या. आढळला तर पेशी फेकून द्या. वाचवण्याचा मोह धरू नका. शेजारच्या फ्लास्कही तपासा.

पेशी तीच आहे का, हेही पाहा. स्तनाच्या कर्करोगाची म्हणून वर्षानुवर्षं वापरलेली एमडीए-एमबी-४३५ प्रत्यक्षात मेलानोमाची निघाली. हेला या झपाट्याने वाढणाऱ्या गर्भाशयमुखाच्या कर्कपेशींनी तर इतर पेशींचे असंख्य फ्लास्क व्यापले. मित्राच्या प्रयोगशाळेतून फुकट आणलेली पेशी पुढे सगळ्यात महाग पडते. मानवी पेशींचं एसटीआर प्रोफाइल (डीएनएवरून ओळख पटवणारी चाचणी) करून घ्या.

पावसाळा, खारी हवा आणि वीज: इथे प्रयोगशाळा टिकते का?

टिकते, पण आखणी वेगळी लागते. २०२० च्या निसर्ग चक्रीवादळाने रायगड-रत्नागिरीत वीज दिवसच्या दिवस गेली होती, आणि २२ जुलै २०२१ च्या पुरात चिपळूणचे तळमजले बुडाले. म्हणून उणे ८० चा फ्रीझर आणि इन्क्युबेटर तळमजल्यावर ठेवू नका. पेशींचा मुख्य साठा द्रव नायट्रोजनमध्ये ठेवा, त्याला वीज लागत नाही. पातळी मात्र आठवड्याला पट्टीने मोजून वहीत लिहा. प्रत्येक महत्त्वाच्या पेशीच्या दोन कुप्या दुसऱ्या इमारतीत ठेवा. कार्बन डायऑक्साइडचे सिलिंडर कायम दोन.

बुरशी जून ते सप्टेंबर डोकं वर काढते. पुठ्ठ्याचे खोके कल्चर खोलीत आणू नका, ते बाहेरच उघडा. इन्क्युबेटरच्या पाण्याच्या ट्रेमध्ये निर्जंतुक पाणी घालून ट्रे दर आठवड्याला धुवा. एसीचा फिल्टर पावसाआधी साफ करून घ्या. खाऱ्या हवेने सेंट्रिफ्यूजच्या रोटरवर गंजाचा ठिपका पडतो. असा रोटर वापरू नये, तो फुटू शकतो.

माशाचे काटे आणि कोळंबीची टरफलं यांपासून हाडाचा पर्याय बनतो का?

बनतो, आणि कोकणासाठी हा खराखुरा विषय आहे. काटे उकळून, सोडियम हायड्रॉक्साइडने प्रथिन काढून, वाळवून ८०० ते ९०० अंशांवर भाजले की हायड्रॉक्सीअॅपेटाइटची पांढरी पूड मिळते. राखाडी राहिली तर आतला सेंद्रिय भाग जळलेला नाही. तापमान जास्त चढलं तर दुसरं कॅल्शियम फॉस्फेट मिसळतं. कॅल्शियम-फॉस्फरसचं आदर्श प्रमाण १.६७. एक्सआरडी आणि एफटीआयआर या पदार्थ ओळखण्याच्या चाचण्या केल्याशिवाय त्या पुडीला नाव देऊ नका. टरफलांतून आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने क्षार, मग अल्कलीने प्रथिन काढतात आणि ४० ते ५० टक्के सोडियम हायड्रॉक्साइडने उरलेल्या कायटिनचं कायटोसान करतात.

कायटोसान सौम्य अॅसेटिक आम्लात विरघळवून स्कॅफोल्ड गोठवून वाळवतात. इथे बरेच प्रोजेक्ट अडतात: आम्ल आत राहतं, पेशी दुसऱ्या दिवशी मरतात आणि ‘पदार्थ विषारी’ असा निष्कर्ष निघतो. स्कॅफोल्ड सौम्य अल्कलीने उदासीन करून, धुण्याच्या पाण्याचा पीएच स्थिर होईपर्यंत धुवा. जड धातू आणि एंडोटॉक्सिन (जिवाणूंचं विष) यांची चाचणी अनिवार्य समजा.

एकाच प्लेटच्या तीन वेलमध्ये केलं. नमुनासंख्या तीन धरायची का?

एक. तीन वेगळ्या दिवशी, वेगळ्या पॅसेजच्या पेशींवर केलं तर तीन. प्राणी असतील तर प्रत्येक प्राणी एक.

उंदरांवर काम करावंच लागतं का?

हाड जुळण्याच्या अभ्यासात बहुधा लागतं, कारण प्लेटमध्ये रक्तपुरवठा आणि भार नसतो. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची लेखी परवानगी आल्याशिवाय एकही प्राणी मागवता येत नाही. उंदराच्या मांडीच्या हाडात मऊ कूर्चा साधारण सात ते दहा दिवसांत दिसते आणि चौदाव्या दिवसाच्या आसपास मोडलेल्या जागेवरचा जोड सगळ्यात जाड दिसतो. वेदनाशामक निवडताना पशुवैद्याशी बोला: कॉक्स-२ हे सुजेचं विकर अडवणारी औषधं हाड जुळणंच मंदावतात, आणि मग परिणाम तुमच्या औषधाचा की वेदनाशामकाचा, हे कळत नाही. मन मानत नसेल तर मार्गदर्शकाला प्रवेशाआधी सांगा. पेशी, पदार्थ आणि संगणकीय विश्लेषणावर पूर्ण पीएचडी होते.

जिल्ह्यातल्या रुग्णालयातून गाठीचे किंवा हाडाचे नमुने घेता येतील का?

मानवी नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती असेल तरच. संमतिपत्र रुग्णाला कळेल अशा मराठीत हवं. ‘तुमच्या उपचारात काही फरक पडणार नाही, नकार दिला तरी चालेल’ हे त्यात स्पष्ट लिहा आणि तोंडीही सांगा. मिश्री, तंबाखू, सुपारी यांची विचारणा नीट करा. ‘तंबाखू खाता का’ याला नाही म्हणणारी बाई रोज मिश्री लावत असते, म्हणून मिश्रीचा प्रश्न वेगळा विचारा.

नमुना काढल्यापासून तासाभरात १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मॅलिनमध्ये जायला हवा, नमुन्याच्या दहापट द्रवात. स्तनाच्या गाठीचे रिसेप्टर (संप्रेरकांना प्रतिसाद देणारी प्रथिनं) पाहायचे असतील तर फॉर्मॅलिनमध्ये ६ ते ७२ तास, कमी नाही आणि जास्त नाही. शुक्रवारी काढलेला नमुना सोमवारी मुंबईच्या गाडीत बसतो, तेव्हा हे तास मोजून ठेवा. आरएनए हवा असेल तर तुकडा वेगळा काढून लगेच संरक्षक द्रावणात ठेवा.

हाड असेल तर कॅल्शियम काढावं लागतं. नायट्रिक किंवा फॉर्मिक आम्लाने काम लवकर होतं, पण तीव्र आम्लात डीएनए तुटतो आणि नंतर जनुकीय चाचणी येत नाही. ईडीटीए १० ते १४ टक्के, पीएच ७.४, याला उंदराच्या हाडासाठीही सुमारे दोन आठवडे लागतात. पॅथॉलॉजीच्या तंत्रज्ञांना हे आधीच सांगून ठेवा. एकदा आम्लात गेलेला तुकडा परत येत नाही.

प्रकृतीला धोका किती?

काम सुरू करण्याआधी हिपॅटायटिस बीचे तीन डोस पूर्ण करा (०, १ आणि ६ महिने) आणि नंतर अँटिबॉडीची पातळी तपासा. द्रव नायट्रोजन बंद गाडीतून किंवा माणसांसोबत लिफ्टमधून नेऊ नका. एका लिटरचा सुमारे ७०० लिटर वायू होतो आणि श्वास कोंडतो. गरोदरपणात फॉर्मॅलिन, केमोची औषधं आणि किरणोत्सारी पदार्थ यांपासून दूर राहण्याची मागणी करणं हा तुमचा हक्क आहे.

मार्गदर्शक कसा निवडावा?

शोधनिबंधांची संख्या शेवटी पाहा. आधी तिथल्या तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला एकट्याला भेटा. फसलेला प्रयोग बैठकीत दाखवता येतो का, प्रयोगवही कोण तपासतं, मागचे विद्यार्थी किती वर्षांत बाहेर पडले आणि आता कुठे आहेत, एवढं विचारा. फसलेला निकाल दाखवायला मुलं घाबरत असतील तर तिथे जाऊ नका, नाव कितीही मोठं असो.

पीएचडीनंतर नोकरी कुठे? कोकणात परतता येतं का?

संशोधन संस्था, विद्यापीठं, रुग्णालयांच्या जनुकीय निदान प्रयोगशाळा, औषध कंपन्या, अस्थिरोपण बनवणारे उद्योग. पेशी उपचार हे नवं दालन आहे. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली देशातली पहिली कार-टी (रुग्णाच्याच प्रतिकारपेशी बदलून देण्याची) उपचारपद्धती २०२३ मध्ये मंजूर झाली, आणि अशा ठिकाणी कल्चरमध्ये स्वच्छ हात असलेली माणसं लागतात. लोटे-परशुराम, महाड, तळोजा इथल्या कारखान्यांत गुणवत्ता नियंत्रणाच्या जागा एमएस्सीवरही मिळतात. पूर्ण वेळ कर्करोग संशोधनाच्या जागा तळकोकणात आज फार थोड्या आहेत. अध्यापन, वैद्यकीय महाविद्यालयातला संशोधन विभाग किंवा समुद्री जैवपदार्थ या तीन वाटांनी परतणं जास्त शक्य आहे.

परदेशात अर्ज करताना पदनाम जपून वाचा. ब्रिटनमध्ये ‘बायोमेडिकल सायंटिस्ट’ हे नोंदणी लागणारं, कायद्याने संरक्षित पदनाम आहे आणि त्याचा अर्थ मुख्यतः रुग्णालयातल्या निदान प्रयोगशाळेचं काम असा होतो. संशोधनासाठी ‘रिसर्च असोसिएट’ किंवा ‘पोस्टडॉक’ शोधा.

घरात कर्करोगाचा रुग्ण आहे. प्रयोगशाळेतून नवीन औषध मिळेल का?

नाही. प्रयोगशाळेतलं रसायन माणसाला देणं बेकायदेशीर आहे आणि घातकही. नवीन उपचार मिळतो तो नोंदणीकृत चाचणीतून, आणि देशातल्या अशा चाचण्या सीटीआरआय या सरकारी नोंदवहीत कुणालाही मोफत शोधता येतात. चाचणीतल्या औषधासाठी रुग्णाकडून पैसे घेतले जात नाहीत. कुणी मागितले तर तिथून उठा. मुंबईला जाताना नुसते रिपोर्ट नेऊ नका. जिथे बायोप्सी झाली तिथून काचपट्ट्या आणि पॅराफिन ब्लॉक लेखी अर्ज करून घ्या, त्यावर नाव आणि क्रमांक तपासा आणि उन्हात तापलेल्या गाडीत ठेवू नका, मेण वितळतं. ब्लॉक हाती असेल तर पुन्हा सुई न टोचताही बऱ्याचदा पुढची तपासणी होते.